नर्मदाबाई अडॅप्टर बदलायला जातात

देवबागच्या नर्मदाबाई झोपताना श्वासाची मशीन लावायच्या. तिच्या अडॅप्टरला जळका वास येतो, असं त्या पंधरा दिवस सांगत होत्या. मुलगा जितेंद्र म्हणायचा, "आये, तुका भास होता." आज तो कामावर गेल्यावर कुडाळच्या दुकानातून फोन आला: त्या अडॅप्टरांत दोष आहे, ते पेट घेऊ शकतात, कंपनी बदलून देतेय. नर्मदाबाईंनी साडी बदलली आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली.

"जितू, अडॅप्टर खराबच आसा. दुकानवाल्याचो फोन इलो. नवो आणूक मी दहाच्या एस्टीन कुडाळाक जातंय. फोन केलंय तर तू अडवतलस, म्हणून चिठ्ठी. डॉक्टरान एकटी फिरू नको म्हटल्यान, ता लक्षात आसा. गोळ्यो बरोबर घेतलंय. बांगड्याचा तिखला झाकून ठेवलंय, जेव. मशीनीक दुसरो अडॅप्टर जोडू नको. माझो राग नाय, पण एकदा नाक लावन बघूक होया होता. नवो मिळाल्याशिवाय मी थंयसून हलाचंय नाय. पाच वाजता कुडाळ स्टँडार गाडी घेवन ये. एस्टीत उभ्यान येवचा माका जमाचा नाय.

आये"