सहा काजांचं ग्रीक

३ तारीख, सकाळी ६
घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. आता ग्रीक! बावीसला तोंडी परीक्षा. पास झाले तर स्कॉलरशिप, नाहीतर बाबांचं टेलरिंगचं दुकान. रोज तीन तास अभ्यास. ठरलं.

४ तारीख
ग्रीकच्या बाईंनी आज 'माहीत असणे' या अर्थाचं क्रियापद शिकवलं. ओइदा. रूप झालेल्या क्रियेचं, अर्थ आत्ताचा. 'मी पाहिलंय', म्हणून 'मला माहीत आहे'. केवढं उदात्त! सहा रूपांचा तक्ता एकदा नीट पाहिला. म्हणजे आलंच.

७ तारीख
ज्ञान वाटलं पाहिजे. आई दुकानातल्या शर्टांना काज करत बसते, तिला शिकवायला घेतलं. "अगं, माझ्या चौथीपर्यंतच्या डोक्यात काय काय कोंबतेस?" म्हणाली. तरी एका काजाला एक रूप म्हणत गेली. शर्टाला सहा काज, सहा रूपं. अर्थ सांगितला, तर म्हणे, "तुझे बाबा रोज मला काज करताना बघतात. त्यांना कुठे येतंय?"
विषय गहन आहे. तिला वेळ लागेल.

१२ तारीख
अभ्यास नाही. तक्ता तीन रंगांत काढला, अनेकवचन हिरव्यात. बाबांनी मागच्या कोऱ्या बाजूवर कॉलर आखून तो कापला! मी रडले. म्हणाले, "येतं म्हणालीस ना तुला?"
येतंच. प्रश्न तत्त्वाचा होता.

१९ तारीख
बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्या परीक्षेचं सांगतायत. नवा तक्ता उद्या.

२१ तारीख
नवा कशाला? पाहिलेला आहे.

२२ तारीख, दुपारी
एकवचनाची तीन रूपं खणखणीत म्हटली. पुढे अनेकवचन. डोळ्यांसमोर नुसता हिरवा रंग. मी अर्थाकडे वळले. बाई म्हणाल्या, "अर्थ छानच सांगितलास. पुढचं रूप?"
नापास. पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा, ती शेवटची.

संध्याकाळी
आईला सांगितलं, कुठे अडकले ते. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "इस्मेन, इस्ते, इसासी," म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

२३ तारीख
सकाळपासून आईशेजारी सुई घेऊन बसलेय. ही पद्धत मुळात माझीच, हे इथे नोंदवून ठेवते.
पहिला शर्ट झाला. बाबा म्हणाले, सगळे काज वाकडे. आई म्हणाली, "बरंच झालं. उसव, परत सहा म्हणता येतील."
उसवतेय.