चुना म्हणजे कोणता चुना

हर्नडन, व्हर्जिनिया
रविवार, ३ सप्टेंबर २००६. सकाळचे सहा चाळीस. क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचं बी कोरड्या वाळूत कालवत होतो, हात धुऊन लिहायला बसलो.

तीर्थरूप मामांना, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवणाऱ्या मामींना नमस्कार.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, तरी गणपतीचे मोदक तिनेच केले. अतुलदादा नवीन प्रोजेक्टवर आहे, शनिवारीसुद्धा लॅपटॉप उघडून बसतो. मी अजून त्याच दुकानात काम करतो. कॉलेज पुन्हा कधी सुरू करणार, हे कृपया विचारू नका.

मामा, दादाच्या डोंगराकडच्या जमिनीची बातमी देतो. हरणांच्या चाऱ्यासाठी आपण जो तुकडा आखला होता, तिथली माती मी पुन्हा तपासून घेतली. वरचं गवत खरवडून, ठिकठिकाणी वीतभर खोल खणून, सगळी एका बादलीत कालवली आणि वर्तमानपत्रावर वाळवून पाठवली. आंबटपणा उतरला आहे, पेरायला हरकत नाही असा प्रयोगशाळेचा कागद आला. काल दाताळ्याने ढेकळं फोडली. उद्या लेबर डेची सुट्टी आहे, दादा गाडी देतो म्हणाला आहे, तेव्हा बी फेकून येईन.

तुम्ही म्हणाला होता, "सगळा जन्म पिकातून जनावरं हाकलण्यात गेला, आणि आता त्यांचीच पंगत मांडायची. सिद्ध्या, पत्रावळी धुऊन ठेव." आठवलं की हसू येतं आणि अर्ध्यातच थांबतं.

मामी, इथून पुढे मामा "पुरे, चहा टाक" म्हणतील. तरी वाचा.

तुम्ही आईशी फोनवर बोलता ते मला शेजारी बसून ऐकू येतं. "ह्यांना मेलं कशाला हात लावावा ते कळत नाही. अतुलकडे, आपल्या लेकाकडे गेले आणि डोळा घालवून आले." गेल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, आता ह्यांना मळ्यात पाऊल टाकू देणार नाही, वाटेकऱ्याला देऊन टाकते. म्हणून लिहितो आहे.

एप्रिलमध्ये मातीचा पहिला कागद आला तो मीच मामांसाठी मराठीत उतरवला. आंबटपणा घालवायला मातीत काय टाकायचं, तिथे इंग्रजीत ‘लाइम’ होतं. मी ‘चुना’ लिहिलं. ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासलं, अर्थ एकदाही तपासला नाही. मामांनी विचारलं, "चुना म्हणजे कोणता? पानाला लावतात तो?" मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "चुना तो चुना." खरं तर हवी होती दळलेली चुनखडी, न भाजलेली. ती अंगावर उडाली तरी भाजत नाही. पुढे मी तीच आणून टाकली.

बियाण्याच्या दुकानात माणसाने मला विचारलं, शेतातला हवा की विझवलेला? मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "विझवलेला म्हणजे आपलाच की. तो घे." पोती गाडीत चढवताना तो माणूस म्हणाला, हा डोळ्यात गेला तर डोळा जळतो, चष्मे लावा, वारा असेल तर टाकूच नका.

हे मी मामांना सांगितलं नाही.

मामांनी विचारलंही होतं, "काय म्हणत होता रे तो लंबू?" मी म्हटलं, "हॅव अ नाइस डे म्हणाला." कारण वाटभर ते माझी टिंगल करत होते. निघताना मी चारही टायर तपासले, पाण्याच्या बाटल्या मोजल्या. मामा म्हणाले, "तुझ्याबरोबर शेतात जायचं म्हणजे वकील आणि डॉक्टर दोघांना मागच्या सीटवर बसवायला हवं." मला फक्त त्या एका दिवशी भित्रा नसायचं होतं.

वारा होता. दुसऱ्याच ओंजळीला मामा खाली बसले. होतं नव्हतं ते पाणी मी त्यांच्या डोळ्यावर ओतलं, पण मग पुढे हॉस्पिटलपर्यंत पाऊण तासाचा रस्ता होता. गाडीत डोळा दाबून धरून ते म्हणाले, "अतुलला सांग, पोतं मी निवडलं. तू आणि तुझी आई त्याच्या बेसमेंटमध्ये राहता, विसरू नकोस." मी तसंच सांगितलं.

मामा, तुमचा शब्द मी इतके दिवस पाळला, तो तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. आता पाळत नाही. मामी, मळा मामांकडेच राहू द्या. मातीत हात घालताना त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला हवं होतं ते मी मध्येच गिळलं. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर आईला तसं सांगा, मी फोनजवळ येणार नाही.

दादा अजून झोपला आहे. हे पत्र आधी पेटीत टाकतो, म्हणजे हे सगळं सांगायला त्याच्यासमोर उभा राहिल्यावर मला मागे फिरता येणार नाही.

ज्याच्या सांगण्यावर विसंबलात तो,
सिद्धेश

ता. क. दादाच्या जमिनीचा हिशेब तुम्ही मागितला होता. खर्च: माती तपासणी दोन्ही वेळची मिळून १४ डॉलर, चुनखडी ७०, बी ३२. एकूण ११६. देणं: हॉस्पिटलचे दादाने भरलेले २,३५०, पैकी ६०० मी दिले. दर महिन्याला तो म्हणतो, "तू कशाला देतोस यार?" राहिले १,७५०. यात डोळ्याचं काही धरलेलं नाही.