मोटारसायकलवर धरलेली शेपटी

सर, आज नातीसाठी सर्व्हो निवडायला बसलो आणि तुमची आठवण उसळून आली. तिचं छोटं विमान रिमोटवर उडतं. त्याच्या शेपटीची पट्टी फिरवणारं हे यंत्र आता काड्यापेटीपेक्षा लहान असतं आणि त्याचा जोर डबीवरच छापलेला असतो. मी तिला म्हटलं, छापलेल्यावर जाऊ नकोस, विमानाचा वेग बघ, पट्टीची रुंदी बघ. ती हसली. हे शहाणपण मला बडनेरा रोडवर आलं, हे तिला कुठे ठाऊक!

साठच्या दशकात अमरावतीच्या कॉलेजात तुम्ही फिजिक्स शिकवायचात आणि मी तुमचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. दोन वर्षं खपून तुम्ही ते विमान बांधलंत, रेडिओसकट, आणि सर्व्हो तेवढा माझ्यावर सोपवलात. खेळण्यातली मोटर, जुन्या घड्याळाची चाकं, पण काय चपळ झाला होता तो! महिनाभर मी लॅबमध्ये फुशारक्या मारत होतो. तुम्ही एकदाच पाहिलंत आणि म्हणालात, "टेबलावर सारेच पहेलवान असतेत. वाऱ्यात काय करते ते पाहू."

आणि मग तुमची ती तपासणी. बडनेरा रोडवर तुम्ही मोटारसायकल चालवताय, मागे मी विमानाची नुसती शेपटी तुमच्या डोक्यावर उंच धरून बसलोय, बॅटरी मांडीत, बटण अंगठ्याखाली. बैलगाडीवाले थांबून बघताहेत. ताशी तीस मैलांपर्यंत पट्टी झकास फिरते, मला आनंदाने ओरडावंसं वाटतं. काटा चाळिसावर जातो आणि पट्टी अर्ध्यावरच अडकते, मोटर नुसती कण्हते. विमान उडणार होतं ते याच वेगाने. तुम्ही मान न वळवता विचारता, "फिरून राह्यली काय?"

मी म्हणालो, "हो, सर."

अकोल्याला विमान उडवायला दोनच दिवस उरले होते. पट्टी हवेत अडकली असती तर तुमची दोन वर्षं ढेकळांत गेली असती. जोर हवा तर चपळाई सोडावी लागते, हे मला कळून चुकलं. त्यासाठी आणखी एक मोठं दातेरी चाक हवं होतं आणि ते गावात कुठे मिळेना. शेवटी तुम्ही घरी नसताना तुमच्या स्वयंपाकघरात गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी फळीवरचं गजराचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तसंही ते मलेच उठवते, त्यायले नाही."

पुढचे आठ दिवस तुम्ही पहिल्या तासाला उशिरा येत होतात.

अकोल्याला तुमच्या मेव्हण्यांचं कापसाची पऱ्हाटी उपटलेलं वावर. वारा होता. विमान उठलं, वळलं, वाऱ्याच्या तोंडावर पुन्हा वळलं, आणि मी लाज सोडून नाचलो. असा आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही. विमान उतरवून तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "मी उगाच शंका घेतली तुयावर. माफ कर गड्या."

तुम्ही माफी मागितलीत, सर, आणि मी ती घेतली.

हा कागद घडी करून सर्व्होच्या डबीत ठेवतोय. घड्याळ दुरुस्तीला टाकलंय असं काकू तुम्हाला सांगत राहिल्या, ते कधी गेलंच नव्हतं. आणि चाळिसावर पट्टी फिरत नव्हती. मी पाहिलं होतं.