जानेवारीतले रिकामे बाक

पापनाशम, २८ एप्रिल १९५७

तीर्थरूप वैद्यनाथकाकांना सीतालक्ष्मीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी आणि गंगाआत्या खुशाल आहोत. आत्याचे गुडघे दुखतात, पण डोसे थांबलेले नाहीत.

माझ्या पाचवीच्या वर्गाचा निकाल लागला. निम्मा वर्ग गणितात नापास, आणि सगळे अपूर्णांकांत. त्यांतली पोन्नी तर दुसऱ्यांदा नापास झाली. तिचा बाप सांगून गेला की आणखी एकच वर्ष, मग शेतात. पोर मठ्ठ नाही हो. जानेवारीत सांबा भाताची कापणी असते, ही मुलं आईबापांबरोबर शेतात जातात, आणि जिल्ह्याच्या अभ्यासक्रमाच्या आखणीत अपूर्णांक नेमके जानेवारीत. मुलं फेब्रुवारीत परततात तेव्हा वर्ग दशांशांवर गेलेला असतो. दरवर्षी हेच.

आखणी करणाऱ्या समितीत तुम्ही होतात, म्हणून तुम्हालाच विचारते. अपूर्णांक कार्तिकात का घेऊ नयेत? तेव्हा शेतात मुलांना काम नसतं. नव्या डेप्युटी इन्स्पेक्टरांना तुम्ही एक शब्द टाकलात तर काम होईल.

उत्तर रागाचं असलं तरी चालेल, पण यावं.

आपली,
सीतालक्ष्मी


तंजावूर, ९ मे १९५७

चि. सीतालक्ष्मीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. देवनागरी अक्षर मीच तुला शिकवलं, ते माझ्याशीच भांडायला कामी येतंय.

अगं, अपूर्णांकांआधी भागाकार आणि विभाजक पक्के व्हावे लागतात, त्यातच डिसेंबर उजाडतो. एवढी वर्षं शाळा चालवली, जानेवारीत माझे बाक कधी रिकामे पाहिले नाहीत. सगळ्या वर्गाला एका सुरात म्हणायला लाव, आपोआप पाठ होतं. तरी जी शिकत नाहीत त्यांच्यापुढे आपण काय करणार, पालथ्या घड्यावर पाणी.

डेप्युटींना मी काही सांगणार नाही. तुझी नोकरी अजून कायम व्हायची आहे. फारच हौस असेल तर शिकव कार्तिकात, पण पाठाच्या टाचणात जानेवारीच लिही. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे नोकरीत शिकावं लागतं.

आत्याच्या गुडघ्यांना निर्गुडीचं तेल लाव.

शुभचिंतक,
वैद्यनाथकाका


पापनाशम, २४ नोव्हेंबर १९५७

ती. काकांना सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं ऐकलं. मनाला पटलं नाही, पण ऐकलं. विभाजक आटोपते घेतले आणि अपूर्णांक सुरू केले. एका सुरात म्हणणं मात्र बंद केलं. त्या गलक्यात कोणाला येतं आणि कोणाला नाही, देवालाही कळत नसेल. आता प्रत्येकाने आपापल्या पाटीवर लिहून पाटी वर धरायची. पहिल्या दिवशी पाट्या पाहून मला रडू आलं. निम्म्या मुलांनी एक चतुर्थांश हा एक द्वितीयांशाहून मोठा ठरवला होता, कारण चार हा आकडा दोनाहून मोठा.

मग केळीची पानं आणली. अर्धं फाडलं, त्याचं पुन्हा अर्धं. तिसऱ्या दिवशी पोन्नी उठून म्हणाली की जितके जास्त वाटेकरी, तितका वाटा लहान. काका, घडा पालथा नव्हता. पाणी ओतायच्या वेळी तो घरी नसायचा, एवढंच.

टाचणात खोटं लिहिताना हात अडतो.

तुमच्या आशीर्वादाची धनी,
सीतालक्ष्मी


तंजावूर, २० एप्रिल १९५८

चि. सीतालक्ष्मीस उदंड आशीर्वाद.

डेप्युटी परवा आपल्या घरी कापी प्यायला आले होते, अर्धा तास तुझंच कौतुक. फेब्रुवारीत ते तुझ्या वर्गात आले तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंही पाव आणि पाऊण यांची बेरीज करत होती म्हणे. आता तर सगळा वर्ग पास. त्यांनी तुझी टाचणं पाहिली, जानेवारीतला पाठ पाहिला, आणि शेरा लिहिला की जिल्ह्याची आखणी आहे तशीच उत्तम, बदलाचं कारण नाही. आमच्या समितीचं नाव राहिलं बघ.

तुझी बदली इथे तंजावुरात होणार. जानेवारीचा तो पाठ तू इतर शिक्षकांना करून दाखवायचा. माडीवरची खोली मी झाडून ठेवली आहे. आत्यालाही घेऊन ये.

तुझी वाट पाहणारा,
वैद्यनाथकाका


पापनाशम, १५ मे १९५८

ती. काकांना सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता. त्या दिवशी मी रागाने जेवले नाही.

ज्या आखणीने माझी मुलं बुडाली, तिलाच त्यांच्या पास होण्याचं श्रेय. माझ्या जागी शेषगिरी मास्तर येणार होते. ते सरळ माणूस, टाचणाबरहुकूम शिकवतील, म्हणजे जानेवारीत, भिंतीला. पोन्नी सुटली, पण तिची धाकटी बहीण वळ्ळी यंदा पाचवीत येते.

म्हणून मी डेप्युटींच्या कचेरीत गेले आणि खरं ते सांगितलं. पाठ कार्तिकात झाला, जानेवारी खोटी लिहिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की प्रत्येक बाईने आपलं पंचांग काढलं तर खातं कशाला हवं. बदली रद्द झाली. नोकरी कायम होणं वर्षभर पुढे गेलं. आखणी तशीच राहिली. पहिल्या दोन गोष्टींचं काही वाटत नाही, तिसरीचा संताप जात नाही.

यंदा टाचणात कार्तिकच लिहिणार. जानेवारीत तपासणी आली तर येऊ दे. तुमचं नाव मी कचेरीत घेतलं नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
सीतालक्ष्मी


तंजावूर, २२ मे १९५८

चि. सीतालक्ष्मीस आशीर्वाद.

फार रागावलो आहे. तुला व्यवहार शिकवला तो पालथ्या घड्यावर पाणी. माडीवरची खोली पुन्हा बंद केली.

तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. तंजावुरात बसून पटणारही नाही. तेव्हा जानेवारीत पोंगल झाला की पापनाशमला येतो आणि महिनाभर राहतो. डेप्युटींनाही दोन दिवस या म्हणून सांगून आलो आहे. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. गंगेला सांग, मला मऊ भात लागतो.

रोज तुझ्या वर्गात येऊन बसेन. बाकावर जागा असेलच, असं तूच म्हणतेस.

तुझा,
वैद्यनाथकाका