शेरवानीला धूर लागू नये म्हणून

आई,

तुझ्या ट्रॅक्टरला उभा पाइप लावला. आज दुपारी पाहून आले आणि आता रात्री लिहायला बसले. कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, बाई, एका पाइपासाठी एवढा संताप? तू तसं म्हणणार नाहीस. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तू काय म्हणशील हे मीच ठरवू शकते.

पाइप म्हणजे धुराचा. बॉनेटमधून सरळ वर काढलाय, चकचकीत स्टीलचा, सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून टोकाला झाकणी आहे, ती इंजिन चालू झालं की टकटक करत राहते. तुझ्या नर्सरीचं आपल्या धाकट्यानं मॅरेज लॉन केलंय, गुलाबाचे वाफे होते तिथे आता स्टेज आहे. ट्रॅक्टर त्यानं विकला नाही, आणि मी वेडी, मला वाटत होतं की तुझी आठवण म्हणून ठेवला असेल. ठेवला तो नवरदेवाच्या एन्ट्रीसाठी. घोडी आता जुनी झाली म्हणे. नवरदेव या लाल रंगवलेल्या छोट्या विलायती ट्रॅक्टरवर बसून येणार, समोर धुमाल बँड वाजत, वरून फुलं.

“पाइप काहून लावला रे?” मी विचारलं.

“अरे ताई, धुआँ सीधा दूल्हे के मुँह पे आता था ना,” तो म्हणाला. “पंडरी मार्केट से इतनी महँगी शेरवानी लाते हैं लोग. काली हो गई तो?”

ऐकलंस? शेरवानी काळी होते. फाटकापासून स्टेजपर्यंत जेमतेम दहा मिनिटं बसणाऱ्या नवरदेवाची शेरवानी काळी होते, म्हणून वेल्डिंगवाला आला, त्यानं एक बेंड आणि एक सरळ पाइप जोडला, आणि जेवणाच्या आत काम उरकून गेला. लोकांचा शौक पाहून हसू येतं कधीकधी, पण आज शिसारी आली.

हा ट्रॅक्टर बाबांनी एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात घेतला होता, साहेबाच्या बंगल्यावरचा. घेतला त्यांनी, चालवलास तू. ते ऑफिसात बाबू, आणि नर्सरी सगळी तुझ्यावर. पुढे रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि शहराला गवताचं वेडच लागलं. शंकर नगरच्या बंगल्यांपासून सगळ्यांना हिरवंगार लॉन पाहिजे, तेही साहेब राहायला यायच्या आत. तू सकाळपासून त्या सीटवर, मागे ट्रॉलीत माती नाहीतर शेणखत. धुराचं तोंड पुढे, खाली, उजव्या अंगाला. गाडी पुढे जायची आणि धूर मागे, थेट तुझ्या तोंडावर. इंजिन जुनं, तेल जाळणारं, धूर निळा. तू पदर नाकावरून घेऊन मानेमागे गाठ मारतेस. संध्याकाळी पदराचं ते टोक काळं निघतं, ते तू आधी वेगळं चोळतेस आणि मग बाकीची साडी भिजवतेस. नंतर मोरीत खाकरत उभी राहतेस, बराच वेळ. आम्हाला तो आवाज घरातल्या नळासारखा सवयीचा झाला होता.

एक दिवस तू तांदळाच्या पिठाचे फरे वाफवायला ठेवले आहेस. मी लसूण सोलतेय, बाबा ताट घेऊन बसलेत. तू उकळत्या गंजावरचं झाकण उचललंस आणि म्हणालीस, “हे पहा, वाफही वरच जाते. मग थो धूर काहून खाली सोडून राहिले? पाइप वर करून द्या ना हो. जीव घुसमटते माहा.”

बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “चिमणी लावून वीटभट्टी करायची आहे काय त्याची? विलायती मशीन आहे. तुले काय समजते.”

तू पुन्हा म्हणालीस. तू काही मुकी नव्हतीस, हे मी इथे मुद्दाम लिहिते. एकदा तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू स्वतःच वेल्डिंगवाल्याला बोलावलंस. तो पाइपाचा तुकडा खांद्यावर घेऊन फाटकात उभा. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आदल्या दिवशीचं कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा हार. बाबा म्हणाले, “पूजा झालेली वस्तू आहे. तिच्या अंगाले छेद नाही पाडायचा.” आणि त्याला फाटकातूनच वाटेला लावलं.

तू विचारलंस, “अन् माह्या अंगाचं काय?”

बाबा पेपर उचलून आत गेले. तू हार काढून निर्माल्यात ठेवलास आणि ट्रॅक्टर सुरू केलास. आपल्याकडची रीत म्हणजे ही अशी: दसऱ्याला यंत्राला हार आणि चालवणारीला वर्षभर खोकल्याचं औषध. पुढे तो खोकला कुठवर गेला ते तुला मी काय सांगू.

आज बाबाही तिथेच होते. शाल पांघरून खुर्चीत बसलेले. ते आता माझ्याकडेच असतात, त्यांच्या पेरूच्या बिया काढून फोडी मी करून देते. धाकट्यानं इंजिन सुरू केलं, धूर सरळ वर गेला, आणि बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. “वा! बढिया दिसून राहिला!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाबा, आई कितीदा म्हणाली होती तुम्हाला. हेच, असाच पाइप.”

“कोण? तुही आई?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तिनं मले कधी म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर मी नसता लावला काय?”

खोटं बोलत असते तर भांडता आलं असतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यातून ते साफ पुसलं गेलंय: ते फरे, तो फाटकातला माणूस, तुझा प्रश्न, सगळं. मी सगळं सांगितलं, तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट ऐकावी तसं, आणि म्हणाले, “अरेरे.” मग धाकट्याला म्हणाले, “माहा एक फोटो काढ बरं याच्यासंगं.” तो म्हणाला, “हव बाबा,” आणि मोबाईल काढला. मला दोघांचीही किळस आली. आपल्या माणसांची किळस येणं ही फार वाईट गोष्ट आहे, आई. ती धुऊन निघत नाही, आणि रात्री त्याच माणसाला वरणभात कालवून द्यायचा असतो. दिला मी.

माझा चेहरा पाहून धाकटा घाबरला. “ताई, एक चक्कर मार ले ना. गुस्सा ठंडा हो जाएगा.” मी बसले ती त्याचं काहीतरी मोडावं म्हणूनच. स्टेजला धडक दिली असती तरी चाललं असतं. गिअर टाकला, क्लच सोडला. धूर डोक्यावरून निघून गेला. मी मुद्दाम तोंड उघडून श्वास घेतला, आणखी एक घेतला. कापलेल्या गवताचा वास आला, ओल्या मातीचा आला. बास. इतकं सोपं होतं ते.

एक चक्कर झाली तेव्हा धाकट्यानं थांबायला हात केला. मी थांबले नाही. दुसरी चक्कर मला कुणी मारायला सांगितली नव्हती, ती मी माझ्या हौसेनं मारली, आणि खरं सांगते, मला फार छान वाटलं.