पेवातलं सरपण

ता. १२ मार्च १९३३, रविवार. होळी.

आज संध्याकाळी घरात जे झालं ते कुठंतरी लिहून ठेवलंच पाहिजे, म्हणून ही वही काढली.

गल्लीतली माणसं होळीसाठी लाकडं मागायला आली. दरसाल आपण एक ओंडका आणि चार गोवऱ्या देतो. आज बायको चंद्रव्वा माळ्यावर चढली आणि बाभळीची खडखडीत वाळलेली लाकडं एकेक करून खाली देत सुटली. तीस-पस्तीस तरी असतील. वर दोन पोती गोवऱ्या. एवढा माल माळ्यावर कधीपासून पडून होता, विचारलं. ऐन गरजेच्या साली तो का देतेस, विचारलं. पदर खोचला आणि पुरण वाटायला बसली.

बायकांना साठवण कळत नाही. मालधक्क्याच्या गोडाऊनमध्ये मी अठरा वर्षं क्लार्क आहे. अठरा वर्षांत माझ्याकडचं एक पोतं भिजलं नाही. एक भिजलं, पण त्या दिवशी पाऊसच तिरका होता.

निश्चय: घरातलं सरपण यापुढे माझ्या ताब्यात. थंडी संपली, बंबाचं काम संपलं. उरलेली लाकडं, गोवऱ्या, कोळसे, सगळं सिस्टिमने ठेवायचं. लेकीचं, गंगूचं बाळंतपण जुलैत आहे. शेक-शेगडीला, न्हाऊ-माखूला महिनाभर कोरडं सरपण लागणार. मागल्या खेपेला अक्कलकोटला सासरी झाली, तेव्हा त्यांच्याकडची लाकडं ओली होती. घरभर धूर आणि ऊब नाही. सातव्या दिवशी पोर गेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, हे मलाही माहीत आहे. पण त्या वेळी ऑफिसात इन्स्पेक्शन होतं.

दुसरा निश्चय: उद्यापासून थंड पाण्यानं अंघोळ.

ता. १३ मार्च

होळीच्या विस्तवावर तापवलेल्या पाण्यानं आज अंघोळ करायची रीत आहे. रीत मोडू नये. थंड पाणी उद्यापासून.

ता. १४ मार्च

एक तांब्या घेतला. घसा धरला. बंब पेटवायला सांगितलं, पण शेवटचाच.

ता. १९ मार्च, रविवार

सुचलं. परसातलं पेव.

वडिलांच्या काळी त्यात ज्वारी असायची. आता बारा वर्षं रिकामं आहे. जमिनीखाली कोरडं, तोंडावर फरशी, वरून मातीचा लेप. ज्यात ज्वारी तीन-तीन वर्षं टिकते त्यात लाकूड टिकणार नाही? सोलापुरात इतकी पेवं असून ही गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात आली नाही, याचं नवल वाटतं.

सिद्रामप्पा भिंतीवरून डोकावला. शेजारी आहे, मागावर लुगडी विणतो, गोडाऊनची त्याला काय माहिती. लाकडाला वारा लागतो, पेवात घालू नका म्हणाला. शिवाय बंद पेवातली हवा माणसाला मारते, असंही म्हणाला. मी म्हटलं, त्याचाही विचार केलाय. नव्हता केला, पण लगेच केला. फरशीला भोक पाडून पत्र्याचा पाइप बसवायचा. व्हेंटिलेशन. सिद्रामप्पाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

ता. २६ मार्च, रविवार. दुपार.

उद्या पाडवा. नव्या वर्षाच्या आत सगळा माल जागेवर पडला. पाठ मोडली आहे, पण समाधान आहे.

पेवात स्वतः उतरलो. तीन ढीग केले. अ: बाभळीचे ओंडके, दोन गाड्या. ब: गोवऱ्या. क: लाकडाच्या धलप्या आणि तुरकाट्या. प्रत्येक ढिगाला पत्र्याचं लेबल. कागद वाळवी खाते.

कोळशावरून थोडी कटकट झाली. सकाळी पाडव्याच्या तयारीचं न्हाणं म्हणून बंब पेटवला होता (मीही त्याच पाण्यानं अंघोळ केली, वेगळं पाणी कशाला). त्याचे निखारे मी घमेल्याखाली झाकून विझवले. चंद्रव्वाचं म्हणणं, त्यांच्यावर पाणी मारा आणि दोन दिवस उन्हात घाला, मग ठेवा. मी तिला समजावलं की पाणी मारलेला कोळसा कमजोर होतो. झाकल्याला दोन तास झाले होते, वरून काळेभोर दिसत होते. पोत्यात भरून ब ढिगावर ठेवले. फरशी टाकली, शेणमातीचा लेप दिला, त्यावर तारीख कोरली. आता जुलैपर्यंत हात लावायचा नाही.

ता. २९ मार्च

पाइपातून वाफ येते आहे. लाकडातला ओलावा बाहेर पडतो आहे, म्हणजे व्हेंटिलेशन उत्तम चालू आहे. चंद्रव्वा म्हणाली धुराचा वास येतोय. मी म्हटलं, सिद्रामप्पाच्या घरची चूल.

ता. २ एप्रिल

वाफ चालूच. बाभळीत एवढं पाणी असतं हे मला माहीत नव्हतं. गाडीवाल्यानं ओली लाकडं दिली असणार. हा ओलावा मी वेळीच बाहेर काढला नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

सिद्रामप्पा पुन्हा भिंतीवर. पाइपाकडे बराच वेळ बघत होता. मी आत निघून आलो.

ता. ६ एप्रिल

एक विशेष गोष्ट. पेवावरची फरशी गरम लागते. मांजर रात्रंदिवस तिथंच लोळतं. पहाटे हात लावून पाहिला, तरी गरम. दगड दिवसा ऊन पितो आणि सकाळपर्यंत धरून ठेवतो. यात न समजण्यासारखं काही नाही.

आज चंद्रव्वाही फरशीवर हात ठेवून बसली होती. मी म्हटलं, बघ कशी ऊब धरून ठेवलीय. तिनं माझ्याकडे पाहिलं. उठून आत गेली.

ता. ११ एप्रिल

चंद्रव्वा हल्ली रोज डोक्यावर टोपली घेऊन सिद्रामप्पाच्या घरी जाते. आज विचारलं तर म्हणाली, गोवऱ्या. थापायला शेण आपण आणायचं आणि गोवऱ्या त्यांच्या घरी. भोळी आहे. शेजारी फुकटचं सरपण काढतोय. माझं पेव बघून जळतो आणि माझ्याच बायकोकडून माळा भरून घेतो. त्याला एकदा सुनवायचं आहे. उद्या.

ता. १२ एप्रिल

सुनवलं नाही. तो मागावर होता, धोटा चालू होता, ऐकू गेलं नसतं.

ता. २१ एप्रिल

वाफ थांबली. पूर्ण थांबली. पाइपाला नाक लावून पाहिलं, काही नाही. माल शंभर टक्के वाळला.

अक्कलकोटला जावयांना पत्र टाकलं. लिहिलं की या वेळी उबेची काळजी नको, गंगूसाठी दोन गाड्या सरपण मी शास्त्रीय पद्धतीनं ठेवलं आहे. ‘शास्त्रीय’ला खाली रेघ मारली. मागल्या सालाबद्दल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं त्यात. इन्स्पेक्शन कुणाच्या हातात असतं?

ता. ७ मे, रविवार

गंगू आली. जावई गाडीवरून सोडून लगेच परत गेले. पोरीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पोट तेवढं पुढं. आल्या आल्या पाणीसुद्धा प्यायली नाही.

"अप्पा, लाकडं हायत की?" एवढंच विचारलं.

मी तिला परसात नेऊन पेव दाखवलं. लेपावरची तारीख दाखवली. ती फरशीवर बसली, पाय पोटाशी घेऊन. फरशी आता ऊन पडलं तेवढीच गरम असते. ती म्हणाली, तिकडं शेगडीत नुसता धूर व्हायचा, पोराचे पाय गारच राहायचे, मी माझ्या काखेत धरून ठेवायची. मग म्हणाली, मी जेठात तुमची वाट बघितली होती अप्पा, न्यायला याल म्हणून.

मी तिला सांगितलं की साहेब येणार होते. तारीख तीनदा बदलली. खरं तर साहेब आले, चहा घेतला आणि अर्ध्या तासात पुढच्या गाडीनं गेले. हे तिला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग.

ता. २८ मे

पेव उघडून एकदा बघा, असं चंद्रव्वा दोनदा म्हणाली. मी सांगितलं, सील वेळेआधी फोडलं की मालाचा भरवसा जातो. हा गोडाऊनचा पहिला नियम आहे. ती म्हणाली, बरं.

बरं म्हणताना ती हल्ली माझ्याकडे बघत नाही.

ता. १८ जून

चार दिवस झड लागली आहे. बाजारात लाकडाच्या वखारीत सगळा माल भिजलेला. लोक ओल्या फाट्यांवर रॉकेल ओतताहेत. मी छत्री घेऊन पेवाभोवती चर खणला, पाइपाच्या तोंडावर डबा पालथा घातला. जवळजवळ आनंदानं खणला. यंदा या गल्लीत कोरडं सरपण फक्त एका माणसाकडे असणार.

केराबाई सुईण येऊन गंगूला बघून गेली. पंधरा दिवस म्हणाली. पोर खाली आलंय, अंगात रक्त न्हाई, हिला लई जपा, शेक एक दिवस चुकता कामा न्हाई. मी म्हटलं, दोन गाड्या आहेत. केराबाईनं चंद्रव्वाकडे पाहिलं. का पाहिलं कळलं नाही.

ता. २ जुलै, रविवार. सकाळ.

पहाटेपासून गंगूला कळा. मी ताबडतोब परसात. पाऊस बारीक. लेप फोडला, तारीख फुटली. फरशी सरकवली आणि नियमाप्रमाणे पेवातली हवा बघायला दोरीनं कंदील खाली सोडला.

कंदील विझला नाही. हवा उत्तम होती.

खाली राख होती.

आधी वाटलं वरचा थर असेल. शिडी लावून उतरलो. पोटरीपर्यंत राख. मऊ, पांढरी. ओंडक्याच्या आकाराची राख पडून होती, पायाचा धक्का लागला की बसायची. कडेला चार-सहा कोळसे. पत्र्याची तीन लेबलं मात्र शाबूत. अ, ब, क.

ती वाफ नव्हती.

वर केराबाई हाक मारत होती, अप्पा, लाकडं कुटं हायत. मला वर यायचंच नव्हतं. गंगूचा आवाज तिथं, पेवातसुद्धा ऐकू येत होता. मी कोळसे गोळा करत राहिलो. सहा कोळशांवर काय तापतं? तरी धोतरात बांधले.

मग चंद्रव्वा पेवाच्या तोंडाशी आली. वाकून तिनं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"वर या," म्हणाली. "सिद्रामप्पाच्या माळ्यावर हाय समदं. त्यास्नी सांगितलंय."

सिद्रामप्पा पोतं डोक्यावर आणि गोणपाट पाठीवर घेऊन भिंतीवरूनच उतरला. तीन खेपा केल्या त्यानं. गोवऱ्या, तुरकाट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, वर बाभळीचे चिरलेले तुकडे. सगळं कोरडं ठणठणीत. चौथ्या खेपेला मीही पोतं उचललं, तर ते हलकं होतं, त्यानं मुद्दाम हलकं ठेवलं होतं.

दुपार.

मुलगी झाली. रडली. लगेच रडली.

बाजेखाली शेगडी ठेवली. धूर नाही. केराबाईनं पोरीचे पाय माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, बघा की, गरम हायत.

ता. ३ जुलै

चंद्रव्वाला आज विचारलं. फार दिवसांनी सरळ विचारलं. तुला ठाऊक होतं तर मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, फरशीवर हात ठिवला तवाच कळलं. सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं व्हय?

मग मी दुसरं विचारलं. होळीला दिलीस ती माळ्यावरची लाकडं कशाची होती?

ती चुलीपुढं बसली होती. फुंकणी खाली ठेवली.

"मागल्या साली गंगूसाठी साठविली व्हती. तुमी तिला आनलं न्हाई. गेलेल्या पोराची लाकडं या पोराला कशी घालू? म्हनून होळीला दिली."

आठ-नऊ महिने ती लाकडं माझ्या डोक्यावर माळ्यात होती आणि मी खाली जेवत होतो, झोपत होतो. इन्स्पेक्शनचं कारण या वहीत आणखी एकदा लिहायला घेतलं होतं. खोडलं. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही.

पेवातली राख चंद्रव्वा भांडी घासायला काढते आहे. दोन वर्षं पुरेल म्हणाली. खाली उतरून टोपल्या भरून द्यायचं काम मला दिलंय.

बंबातलं पाणी सगळं आत, गंगूला आणि पोरीला. राखेनं माखून वर आलो आणि आडावर थंड पाण्यानं अंघोळ केली.