माझं वासाचं रबर आणि वरून येणारे कण

सिस्टर, तुम्ही माझं वासाचं रबर जप्त केलंत, त्या दिवसाची आज फार आठवण येतेय. कॉन्व्हेंट शाळेतलं नववीचं प्रॅक्टिकल. काचेच्या बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन नाजूक पानं. विद्युतभार दिला की फाकायची आणि कुणी हात लावला नाही तर तशीच राहायची, असं पुस्तकात होतं. माझी मात्र हळूहळू मिटत गेली. मी माझे आकडे पुसून पुस्तकातल्यासारखे लिहिले. तुम्ही वही खिडकीच्या उजेडाला धरता, पुसलेलं सगळं वाचता आणि म्हणता, "पानं खाली आली ना? मग तेच लिही. का आली ते देवाला ठाऊक, नाहीतर मोठी होऊन तू शोध." निरोपाच्या दिवशी रबर कागदात गुंडाळून परत दिलंत. ते आता अबुधाबीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. वास कधीच गेला.

इथे आम्ही क्वांटम कॉम्प्युटर सांभाळतो. बाहेर रस्ता भाजत असतो आणि आत त्याची चिप बर्फाहून कितीतरी गार. तरी मधूनच तिची गणितं एकदम चुकतात आणि पुन्हा ठीक होतात. माझ्या हाताखालची मुलगी पुण्याच्या आईबाबांची, पण शारजात वाढलेली. मी मराठीत विचारते, ती अर्ध्या इंग्रजीत उत्तर देते. "मॅम, इट्स जस्ट नॉइज. डिलीट करू? यल्ला, चला लवकर, रिपोर्ट द्यायचाय!"

"काही पुसायचं नाही," मी म्हटलं.

"ओ गॉड, तुमच्या सिस्टर आल्या परत!"

मग चिपच्या वर एक आणि खाली एक डिटेक्टर बसवला. अवकाशातून आलेल्या किरणांचा कण आरपार गेला की दोन्ही एकाच क्षणी नोंद करतात. कितीतरी चुकांची वेळ त्या नोंदींशी तंतोतंत जुळली. पोरगी खुर्चीवरून उठून नाचली. मला तुमची बरणी दिसत होती. हे किरण हवेतून गेले की भार हवेतून निसटतो; ती पानं मिटण्यातही त्यांचा थोडा हात असणार, सिस्टर.

रिपोर्ट उद्या जायचाय. त्यात तिने लिहिलंय, पहिल्या दिवसापासूनची एकही नोंद वगळलेली नाही. याचं श्रेय मॅमच्या शिस्तीला, असंही लिहिलंय. पण ती रुजू होण्याआधीच्या पंधरा दिवसांतल्या चुका मी स्वतः पुसल्या होत्या, यंत्र नीट चालतंय असं दिसावं म्हणून. त्या किती होत्या, हे आता कुणालाच कळणार नाही. आणि हे वाक्य काढ म्हणावं, तर का ते सांगावं लागेल.

या पत्राला पत्ता नाही. तिचं टेबल मात्र चार पावलांवर आहे. ती चहा आणायला गेलीय. आली की सांगते. आधी तुम्हाला सांगून पाहिलं, कारण तिच्यापुढे मला जास्त लाज वाटतेय.